भेकरवाडीला ठेवलेलं गुपित

देशाचं एक गुपित सतरा वर्षांपासून भेकरवाडीच्या वेणूबाई शेलारकडे ठेवलेलं होतं आणि त्याचं वजन चार किलो दोनशे ग्रॅम होतं.

सरकारी गुपितांची जातच अशी, की ती एका वेळी एकाच माणसाजवळ राहतात. ज्याच्याजवळ असेल त्याने ते दुसऱ्याच्या कानात सांगितलं, की सांगणाऱ्याच्या डोक्यातून ते साफ निघून जातं आणि ऐकणाऱ्याचं वजन तेवढंच वाढतं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी उपकेंद्राच्या नर्सबाई वजनकाटा घेऊन लाँचने यायच्या. वेणूबाई शेहेचाळीसच्या आसपास भरली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. एका पावसाळ्यात हगवणीने तिचं वजन दोन किलोंनी उतरलं, तेव्हा राजधानीतून तीन माणसं आली आणि त्यांनी गावातल्या झाडून सगळ्यांना काट्यावर चढवलं. एकाचंही वजन वाढलेलं नव्हतं. भेकरवाडीत कुणाचं वजन वाढतच नाही, हे त्या तिघांना तेव्हा कळलं. त्यांनी तसं लिहूनही नेलं, पण ते दुसऱ्या खात्याचं काम होतं.

गुपित आलं तेव्हा वेणूबाई तेवीस वर्षांची होती. लग्नानंतर पाचव्या महिन्यात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कुणाशी एक शब्द बोलेना. दुःखाने माणूस गप्प होतं, यात नवल काही नाही. पण गोपनीय ठेवी कार्यालयाला नेमकी अशीच बाई हवी होती. साहेब लोकांनी डोलीतून एक म्हातारे गुरुजी आणले, गुरुजींनी थरथरत तिच्या कानाला तोंड लावलं आणि मग मोठा सुस्कारा टाकून पाणी मागितलं. वेणूबाईचे पाय मात्र जमिनीत रुतल्यासारखे झाले. त्या गुपितातलं अर्धं तिला कळलं नाही आणि जे कळलं ते कळलं नसतं तर बरं, असं तिला वाटत राहिलं.

तेव्हापासून तिने गावाबाहेर एक रात्र काढली नाही. झोपेत माणूस बरळतं म्हणून ती गोठ्याशेजारच्या खोलीत एकटी निजायची आणि बाहेर एक हवालदार कानात कापूस घालून बसायचा. एकदा पलीकडच्या काठावरून एका चांगल्या माणसाचं स्थळ आलं होतं. कार्यालयाने ते नामंजूर केलं, कारण नवऱ्याजवळ बायको कधी ना कधी बोलतेच. तिला दिलेलं सन्मानपत्रसुद्धा गोपनीय असल्याने कार्यालयातच ठेवलेलं होतं.

भेकरवाडी धरणाच्या पाण्यापलीकडे होती. जुना रस्ता पाण्याखाली गेला आणि नवा रस्ता तीन वेळा मंजूर होऊन तीन वेळा परत गेला, दर वेळी फाईलवर एकच शेरा घेऊन: ‘सुरक्षेस बाधक’. मोबाईलचा टॉवर त्याच शेऱ्याने गेला. शाळेवर शिक्षक नेमायचे तर ते बाहेरचे, म्हणून शाळाही बंद झाली. कार्यालयाचे कुलथे साहेब वर्षातून एकदा येऊन ग्रामसभेत हे सगळं न चिडता समजावून सांगायचे. चिडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि त्यामुळेच त्यांच्याशी भांडता यायचं नाही.

“श्रीमंत देशांकडे जमिनीखाली पोलादाच्या तिजोऱ्या असतात,” ते म्हणायचे. “संगणकात ठेवलं तर दुसऱ्या दिवशी चोरीला जातं. आपली तेवढी ऐपत नाही. आपल्याकडे माणसं आहेत. आणि रस्ता नसलेलं गाव म्हणजे आयती तिजोरी. तुम्ही मागास आहात असं समजू नका, तुम्ही सुरक्षित आहात.”

“साहेब, निदान बाळंतिणीला तरी पल्याड जायला रस्ता द्या की,” म्हातारे राघूतात्या दर वर्षी म्हणायचे.

“बाळंतीण जाईल हो. पण त्याच रस्त्याने आत कोण येईल?”

सभा तिथेच संपायची.

पलीकडे जायला एक लाँच होती आणि ती वेणूबाईचा धाकटा भाऊ दिनकर चालवायचा. दिनकरची बायको शेवंता. तिचं पहिलं मूल लाँचमध्येच गेलं होतं, पाण्याच्या मधोमध, दवाखान्याचा पत्रा समोर दिसत असताना. त्यानंतर सहा वर्षं काही नव्हतं. आता तिला पुन्हा नववा लागला होता आणि गावातल्या त्र्याहत्तर माणसांचं लक्ष तिच्याकडे होतं, कारण बहुतेक सगळी माणसं साठीच्या पुढची होती आणि गावात पाळणा हललेला त्यांना आठवत नव्हता.

त्याच महिन्यात वेणूबाईला आंघोळ करताना छातीत गाठ लागली.

परवानगी यायला सहा दिवस लागले. मग ती सतरा वर्षांत पहिल्यांदा पाण्यापलीकडे गेली, हवालदार आणि कुलथे साहेब यांच्या मधे बसून. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी तपासून सांगितलं, की गाठ वाईट आहे पण अजून पसरलेली नाही. महिन्याच्या आत ऑपरेशन झालं तर ही बाई म्हातारी होऊन मरेल. नाही झालं तर दिवाळी बघणार नाही.

“भूल द्यावी लागेल का?” कुलथे साहेबांनी विचारलं.

“म्हणजे काय? पूर्ण.”

“भुलीत माणूस बोलतो?”

“काहीही बोलतो. परवा एकाने तिन्ही सुनांची उणीदुणी काढली.”

“त्या वेळी खोलीत किती जण असतात?”

“आम्ही पाच.”

कुलथे साहेबांनी वहीत पाच लिहिलं. “मग ऑपरेशननंतर त्या पाचही जणांना कायमचं भेकरवाडीला येऊन राहावं लागेल.”

डॉक्टरीण बाईंनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा वेणूबाईकडे पाहिलं. तालुक्याला त्या एकट्याच डॉक्टर होत्या. “गुपित आधी दुसऱ्या कुणाला तरी द्या,” त्या म्हणाल्या. “मग घेऊन या. पण लवकर.”

परत येताना वेणूबाई लाँचच्या कडेला बसून पाणी बघत राहिली. तिला जगायचं होतं. हे तिला स्वतःलाच नवीन होतं, कारण इतकी वर्षं तिने या बाबतीत आपलं काही मत असेल असा विचारच केला नव्हता. आता वाटायला लागलं, की भावाचं मूल बघावं, त्याला न्हाऊ घालावं, आणि जमलं तर एकदा त्या तालुक्याच्या बाजारात जाऊन एकटीने बांगड्या भराव्यात. हे वाटणं मोठं नव्हतं, पण ते आत शिरलं आणि बाहेर जाईना.

शेवंता बाळंत झाली ती घरीच. मुलगा झाला, दोन किलो नऊशेचा, आणि रडायला लागला तो गावाला ऐकू जाईल असा. म्हाताऱ्या आपापल्या दारात उभ्या राहून ते रडणं ऐकत होत्या.

तिसऱ्या दिवशी कुलथे साहेब शाळेच्या ओसरीवर टेबल मांडून बसले. नवा राखणदार निवडायचा होता. सगळ्यात आधी राघूतात्या पुढे झाले.

“मला द्या. मी काय, खाऊन-पिऊन मोकळा.”

“वय?”

“ब्याऐंशी.”

“तुम्ही किती दिवस पुराल, तात्या?” साहेबांनी मायेने विचारलं आणि त्यांना चहा द्यायला सांगितलं.

दिनकर आला. “आक्काचं मी घेतो. भाऊ हाय मी तिचा.”

“तुम्ही रोज चार वेळा पाण्यापलीकडे जाता. राखणदाराला हद्द ओलांडता येत नाही.”

“मग न्हाय जात.”

“लाँच कोण चालवील?”

ओसरीवरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. इंजिनाची खोड दिनकरशिवाय कुणाला माहीत नव्हती. लाँच थांबली तर मीठही यायचं नाही. दिनकरला ते कळलं आणि तो खाली मान घालून बाजूला झाला.

एकाचे मुलगे मुंबईला होते, म्हणजे बाहेरचे संबंध. एकजण प्यायचा. दोघी बहिरट होत्या आणि त्यांना मोठ्याने सांगावं लागलं असतं. शेवंता अंगावर पाजणारी होती आणि नियम चौदाप्रमाणे अशी बाई चालत नव्हती. दुपारपर्यंत त्र्याहत्तर नावांवर काट बसली. बाहेरून माणूस आणायचा तर त्याची चौकशी पुरी व्हायला आठ महिने लागत होते. कुलथे साहेबांनी नियमावली पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. ते कामाला चोख होते. संध्याकाळच्या चहाला त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता.

“वयाची खालची मर्यादाच दिलेली नाही,” ते म्हणाले.

तीन दिवसांचं मूल. मोबाईल वापरत नाही, पीत नाही, गावाबाहेर गेलेलं नाही, कुणाशी ओळख नाही, आणि मुख्य म्हणजे बोलत नाही. नियमावलीत बसणारा एवढा चोख माणूस आपल्या नोकरीत पाहिला नव्हता, असं साहेबांनी दिनकरला सांगितलं. शिवाय बाराव्या दिवशी बारसं. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, हा तर रिवाजच. वेगळा कार्यक्रम करायची गरज नाही.

“आणि नाही म्हटलं तर?” दिनकरने विचारलं.

“सक्ती नाही. आपला लोकशाही देश आहे. मग वेणूबाई गुपितासकट जातील आणि देशाच्या संरक्षणाला तेवढं भोक पडेल.”

“केवढं?”

“चार किलो दोनशे.”

दिनकर घरी आला आणि रडला. बहिणीने त्याला लहानपणी पाठुंगळी मारून ओढा पार करवला होता. त्याने हो म्हणून सांगून टाकलं होतं, शेवंताला न विचारता. शेवंताला कळलं तेव्हा ती बाळाला तेल लावत होती. तिने तेलाची वाटी खाली ठेवली आणि वेणूबाईच्या खोलीत गेली.

“वन्सं, तुमी जगावं असं मला लई वाटतंय,” ती म्हणाली. “देवाशपथ वाटतंय. माझं पयलं गेलं तवा तुमीच मला घास भरवला. पर ह्यो न्हाय. ह्येच्या कानात नावच पडलं पायजे.”

“नावच सांगीन,” वेणूबाई म्हणाली.

“माझ्या डोक्यावर हात ठेवा.”

वेणूबाईने हात ठेवला. “काय नाव ठरवलंस?”

“सुहास.”

“चांगलं हाय,” वेणूबाई म्हणाली, आणि तिला ते खरोखरच आवडलं. पुढचे आठ दिवस तिने ते नाव मनातल्या मनात हजार वेळा म्हटलं. चूल फुंकताना म्हटलं, गोठा झाडताना म्हटलं. गाठ आता हाताला न चाचपताही जाणवायची. कुलथे साहेब रोज सकाळी अंगणात येऊन तब्येत विचारायचे आणि त्याहून जास्त काही बोलायचे नाहीत.

बारशाला सगळं गाव आलं. घुगऱ्या शिजल्या, पाळण्याला झेंडूची माळ लागली. कुलथे साहेब अंगणात खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या शेजारी फडक्याखाली वजनकाटा होता. हा आपला सवयीने आणलेला, असं ते म्हणाले. शेवंता भिंतीला टेकून बसली होती आणि वेणूबाईवरून नजर हलवत नव्हती.

आता रिवाज असा, की आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानाशी कुर्र करते आणि नाव सांगते, आणि तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या बाया तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. का घालतात ते कुणाला ठाऊक नाही, पण घालतात, आणि हसतात. भेकरवाडीत बारसं होऊन इतकी वर्षं झाली होती, की म्हाताऱ्यांचे हात शिवशिवत होते. त्यांना कुणी सांगायला हवं होतं, की हिच्या छातीत गाठ आहे, जरा हलक्या हाताने मारा. कुणाला सुचलं नाही. जिला तिला धपाटा आपल्याच हातून पडावा असं वाटत होतं.

वेणूबाई वाकली. बाळाचा कान तिच्या ओठांना लागला. इतका लहान कान तिने कधी पाहिला नव्हता. नाव जिभेवर तयार होतं. तिने कुर्र केलं आणि मागून पहिला धपाटा बसला, मग दुसरा, मग सहा-सात एकदम. कळ छातीतून खांद्यात गेली, डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि तोंडून शब्द बाहेर पडले. ते पुष्कळ होते. एका नावाला इतके शब्द लागत नाहीत, हे पाठीमागच्या बायांना कळलं आणि त्यांचे हात थांबले.

पाळण्याची दोरी करकरली आणि पाळणा विताएवढा खाली आला.

वेणूबाई सरळ उभी राहिली. तिचं अंग उन्हाळ्यात गोधडी काढून टाकावी तसं हलकं झालं होतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिने पोटभर श्वास घेतला, आणि तो श्वास इतका चांगला होता की तिला त्याचीच लाज वाटली. शब्द कोणते होते ते तिला आता आठवत नव्हतं. ते धपाट्याने निसटले की तिने सोडले, हे तिने पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. दिनकरला ती म्हणाली की निसटले. स्वतःशी ती तेवढं ठामपणे म्हणू शकली नाही.

शेवंता ओरडली नाही. ती उठली, बाळाला पाळण्यातून काढायला गेली आणि पहिल्या झटक्यात तिला ते उचललं नाही. सकाळी जे तीन किलोचं होतं ते सात किलो दोनशे भरलं. वेणूबाई बेचाळीस भरली. कुलथे साहेबांनी दोन्ही आकडे लिहिले, घुगऱ्या खाल्ल्या आणि उत्तम झाल्यात असं सांगितलं.

चार दिवसांनी ऑपरेशन झालं. भुलीत वेणूबाई बोलली, पण ते सगळं बांगड्यांबद्दल होतं. महिन्याने ती बाजारातून एकटी हिंडून आली. बांगड्या मात्र तिने भरल्या नाहीत. ती घरी आली तेव्हा कार्यालयाचा आदेश आधीच येऊन पडला होता.

राखणदाराचं नाव गोपनीय असतं, तेव्हा बाळाचं नाव कुठेही नोंदवायचं नाही आणि हाक मारायची नाही. राखणदार सज्ञान होऊन शपथपत्रावर सही करीपर्यंत त्याला बोलायला शिकवायचं नाही. त्याच्यासमोर कुणी बोलायचं नाही, कारण मुलं ऐकून शिकतात. अंगाई बंद. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटांना हरकत नाही. त्याने आपणहून आवाज काढायला सुरुवात केली, तर जवळच्या मोठ्या माणसाने त्याच्या तोंडावर अलगद तळवा ठेवायचा, नाक मोकळं सोडून.

ग्रामसभेत कुलथे साहेब समाधानी होते. “आधीचे राखणदार फार तर वीस वर्षं पुरायचे. हा सत्तर वर्षं जाईल. एवढी लांबची तरतूद देशात कुठेच झालेली नाही.”

“मग रस्ता?” राघूतात्यांनी विचारलं.

“सत्तर वर्षांनी नक्की विचार होईल.”

राघूतात्यांनी मान डोलावली. ते खाली बसले आणि पुन्हा त्यांनी रस्त्याचं नाव काढलं नाही.

घर शिकलं. माणूस कशालाही शिकतो. भूक, पाणी, ये, जा, चूल पेटव, हे सगळं हातांनी सांगता येतं. दिनकरला बोलावंसं वाटलं की तो लाँचवर जाऊन इंजिन चालू करायचा आणि त्या आवाजात एकटाच पुष्कळ बोलून घ्यायचा. शेजारपाजारचे लोक त्यांच्या अंगणापाशी आले की पायातल्या वहाणा काढून हातात घ्यायचे. शेवंता वेणूबाईला एक शब्द बोलली नाही. रागावायला तोंड लागतं आणि घरात ते वापरायची परवानगी नव्हती. ती दोघींची ताटं वाढायची, वेणूबाईच्या टाक्यांना हळद लावायची, आणि तिच्याकडे बघायची नाही. आपण जगलो याचं वेणूबाईला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटणं तिला फार जड जायचं.

मूल वजनामुळे उशिरा पालथं पडलं, उशिरा बसलं. डोळे मात्र टपोरे होते आणि ते सगळ्यांच्या ओठांकडे बघत राहायचं, जिथे काही घडत नव्हतं.

अकराव्या महिन्यात एका सकाळी शेवंता पाण्याला गेली होती. वेणूबाई उंबऱ्याच्या आत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या मांडीला मुंग्या आल्या होत्या. बाळाने तिच्याकडे वर पाहिलं. त्याचे ओठ मिटले, उघडले आणि घशातून एक आवाज आला, गोल आणि स्वच्छ. “आ,” ते म्हणालं. थांबलं, स्वतःलाच आवडलं म्हणून हसलं, आणि पुन्हा, जास्त जोराने, “आऽ त्...”

वेणूबाईचा हात आपोआप उठला. तिने त्याच्या तोंडावर तळवा ठेवला, अलगद, नाक मोकळं सोडून. तळव्याला त्याच्या ओल्या ओठांचे शब्द लागत होते, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बाळाला वाटलं हा खेळ आहे. त्याने थोडा वेळ विचार केला. मग आपला लहानसा, जड हात मोठ्या कष्टाने वर उचलला आणि तिच्या तोंडावर ठेवला.

शेवंता पाणी घेऊन आली तेव्हा दोघं तशीच बसलेली होती. तिने हंडा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि भाकऱ्या थापायला घेतल्या.